तरुण वयात ब्लडप्रेशर? कारण मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत असू शकतं!

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची गोष्ट. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, आमच्या भाषेत गड्डा. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिळगुळाची घाई, मुलांचा जत्रेला जायचा हट्ट, आणि माझी धाकटी जाऊ मात्र आतल्या खोलीत डोक्याला ओढणी घट्ट बांधून पडलेली.

"हिचं डोकं म्हणजे पंचांगच झालंय. सण आला की दुखायला लागतं!" सासूबाई पुटपुटल्या.

मीही काही वेगळं बोलले नाही. "पित्त असेल गं. उपाशीपोटी चहा घेऊ नकोस, आल्याचा रस घे," असा थोरल्या जावेचा सल्ला देऊन मी चुलीकडे वळले. तिचं वय सत्तावीस, अंगानं शेलाटी, लग्नाला तीन वर्षं झालेली. तिला दुखणं ते काय असणार?

त्याच्या आधी महिनाभर ती मला म्हणाली होती, "अक्का, धुणं पिळताना डावा हात भरून येतो बघा. दोरीवर चादर टाकेपर्यंत खाली घ्यावा लागतो." मी हसून म्हटलं होतं, "सोलापुरी चादर ओली झाली की पैलवानाचाही हात भरून येईल!" त्यावर आम्ही दोघीही हसलो होतो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

संक्रांतीनंतर आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात फुकट ब्लडप्रेशर तपासायची सोय केली होती. मी आग्रहानं जावेला नेलं. उजव्या हातात वाण होतं, म्हणून तिनं डावा हात पुढे केला. ११६ आणि ७४. "अगदी नॉर्मल!" त्या चिठ्ठीनं तिचं तोंडच बंद केलं. पुढचे पाच महिने डोकेदुखीचं नाव काढलं की घरातलं कोणीतरी म्हणे, "तपासलंय की, काही नाही तिला."

जूनमधल्या एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी या वेळी उजव्या हाताला पट्टा बांधला. आकडा आला १९६ आणि ११८!

"घरात काही टेन्शन आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंना ते फार लागलं. "आम्ही काय छळतो का हिला?" असं त्या वाटेतच म्हणाल्या. गोळी सुरू झाली. एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या, तरी वरचा आकडा १६० च्या खाली येईना. शेवटी एका अनुभवी फिजिशियनांकडे गेलो. त्यांनी आधी गोळ्यांकडे पाहिलंच नाही. दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी धरल्या, दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतलं, पायांच्या नाड्या चाचपल्या, मानेवर आणि मग पोटावर नळी लावून डोळे मिटून ऐकत राहिले. मग विचारलं, "बाळ, कपडे पिळताना डावा हात भरून येतो का?"

मला तिथंच धरणी दुभंगावी असं झालं.

निदान झालं ते असं: जावेच्या उजव्या मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी अरुंद झाली होती, आणि त्याच आजारानं डाव्या हाताची रक्तवाहिनीही. डाव्या हातात रक्तच कमी पोचत होतं, म्हणून तिथला आकडा खोटा 'नॉर्मल' येत होता.

मी काही डॉक्टर नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेली, संसार सांभाळून अर्धवेळ शाळेत शिकवणारी बाई. पण त्या वर्षभरात डॉक्टरांना प्रश्न विचारून, पुस्तकं वाचून जे समजलं, ते आपल्या भगिनींना सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण आपल्याकडे बाईचं डोकं दुखलं की ते पित्त असतं, नाहीतर चष्म्याचा नंबर, नाहीतर सासू. मूत्रपिंड कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

गल्लीतला नळ आणि चावीवाला

मूत्रपिंड म्हणजे लघवी तयार करणारा अवयव एवढंच आपण शाळेत शिकलो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या अंगाला मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. एकेकाचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. पण त्यांचा मान केवढा! हृदय दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं, त्यातलं लिटरभर तरी या दोघांच्या वाट्याला जातं. पोटातून खाली जाणाऱ्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला, महारोहिणीला, दोन बाजूंना फाटे फुटतात आणि ते थेट मूत्रपिंडांत शिरतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळून त्यातलं दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे बाहेर टाकायचं आणि बाकीचं परत घ्यायचं, असा हा कारखाना.

या कारखान्याकडे आणखी एक काम असतं, ते म्हणजे शरीरातल्या रक्ताच्या दाबावर लक्ष ठेवणं. ते कसं चालतं हे मला नळाच्या पाण्यावरून समजलं.

समजा, आपल्या गल्लीच्या टोकाला एक घर आहे. त्या घराच्या नळाला पाण्याची धार बारीक येते. घरची बाई तक्रार करते, "पाण्याला जोरच नाही!" चावीवाला येतो आणि व्हॉल्व्ह आणखी उघडतो. सगळ्या गल्लीचा जोर वाढतो, कोणाच्या तोट्या गळतात, कोणाचे जोड सुटतात. त्या टोकाच्या घरात मात्र धार अजून बारीकच! कारण दोष गल्लीच्या पाण्यात नव्हता. त्या घराच्या स्वतःच्या पाइपात क्षार बसून तो आतून चोंदला होता.

मूत्रपिंडाचंही तसंच. त्याची रक्तवाहिनी अरुंद झाली की त्याला रक्त कमी मिळतं. त्याला वाटतं, सगळ्या शरीराचाच दाब उतरलाय. मग ते रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतं. शिवाय मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवण्याचा हुकूम सुटतो. दाब वाढतो, डोकं ठणकतं, हृदयावर भार पडतो, मेंदूतल्या आणि डोळ्यांतल्या नाजूक वाहिन्यांना धोका होतो. मूत्रपिंडाची तक्रार मात्र चालूच!

हे कोडं उलगडलं १९३४ साली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात हॅरी गोल्डब्लाट नावाच्या डॉक्टरांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीवर चांदीचा छोटा चिमटा लावून ती थोडी आवळली, तर कुत्र्यांचा रक्तदाब चढला. रक्तदाब वाढला की मूत्रपिंड बिघडतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की रक्तदाब वाढतो, ही उलटी वाटही आहे हे त्यांनी दाखवून दिलं.

रक्तवाहिनी अरुंद का होते?

कारणं मुख्यतः तीन. कोणतं कारण कोणाला, हे वयावरून बरंचसं ठरतं.

पहिलं कारण उतारवयातलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे आणि चुन्याचे थर बसतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेच थर मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीतही बसतात, बहुधा ती महारोहिणीतून फुटते त्या तोंडाशीच. पन्नाशीच्या पुढे हे प्रमाण वाढतं. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, जुना रक्तदाब आणि सर्वांत वाईट म्हणजे तंबाखूचा धूर, ही याची सोबतीण मंडळी. ज्यांना हृदयविकार आहे किंवा चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागतं, त्यांच्यात हे असण्याचा संभव जास्त. पाळी गेल्यानंतर आपण बायकाही या रांगेत येतो, हे विसरू नये.

दुसरं कारण विशेषतः स्त्रियांचं. यात चरबी वगैरे काही नसतं. रक्तवाहिनीच्या भिंतीचीच वाढ वेडीवाकडी होते. कुठे जाड, कुठे फुगीर, त्यामुळे क्ष-किरण चित्रात ती ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखी दिसते. तरुण आणि मध्यम वयाच्या स्त्रियांत हे आढळतं. नाव लांबलचक आहे, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया. पाश्चात्त्य देशांत याची नोंद जास्त होते.

तिसरं कारण आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवण्यासारखं, आणि माझ्या जावेला झालं ते हेच. यात महारोहिणी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना आतून सूज येते. सूज ओसरली तरी भिंत जाड होऊन वाट अरुंद राहते. १९०८ साली जपानच्या मिकितो ताकायासू या नेत्रवैद्यांनी एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांच्या आत रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं आणि त्याचं वर्णन केलं. अशाच रोग्यांच्या मनगटाची नाडी लागत नाही, हेही तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. म्हणून याला ताकायासूचा आजार म्हणतात, 'नाडी हरवण्याचा आजार' असंही म्हणत. बहुतेक वेळा तो चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना होतो. जपानात तो मानेच्या आणि हाताच्या रक्तवाहिन्यांत जास्त दिसतो, तर आपल्याकडे पोटातली महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्या यांत. त्यामुळे आपल्याकडे तो बहुधा रक्तदाबाच्या रूपानंच समोर येतो.

आणि अभिमानाची गोष्ट अशी की, या आजाराचा मोठा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला. मुंबईला परळचं के. ई. एम. रुग्णालय आहे ना, तिथले शस्त्रवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन, ज्यांनी १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं, ते आणि त्यांचे सहकारी या रोग्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते. पोटातली महारोहिणी मध्येच आवळली जाण्याच्या प्रकारावर त्यांनी १९६३ साली इंग्लंडच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि १९७३ साली १०१ रोग्यांच्या अभ्यासावर एक ग्रंथच काढला. म्हणजे हा काही परदेशातला, पुस्तकातला आजार नव्हे. तो आपल्या घराघरांतल्या मुलीबाळींचा आजार आहे.

तो का होतो? शरीराची संरक्षणशक्तीच स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर उलटते असं डॉक्टर मानतात. क्षयाशी त्याचा संबंध असावा असा संशय आपल्याकडे फार जुना आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. तो संसर्गानं पसरत नाही. माहेरचा दोष नाही, पत्रिकेचा नाही, आणि मुलीनं काही खाल्ल्या-प्यायल्याचाही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडेही पहिला प्रश्न "त्यांच्या घराण्यात होतं का?" हाच निघाला होता.

या तिन्हींहून निराळा, तातडीचा असाही एक प्रकार आहे. रक्ताची गुठळी अडकून मूत्रपिंडाची वाहिनी एकदम बंद होते. हृदयाच्या झडपा सांधेतापानं बिघडलेल्या किंवा हृदयाची लय चुकणाऱ्या माणसांना याचा धोका असतो. कुशीत किंवा पाठीत अचानक जबर दुखतं, मळमळतं, ताप येतो, कधी लघवीत रक्त दिसतं. मुतखडा समजून घरात शेकत बसू नये, तास-दोन तासही फार मोलाचे असतात.

लक्षणं ओळखायची कशी?

खरी अडचण इथंच आहे. मूत्रपिंडाची वाहिनी हळूहळू अरुंद होत असताना दुखत नाही, खुपत नाही. लघवी रोजच्यासारखीच होते. 'कंबर दुखते म्हणजे किडनी' असं आपण म्हणतो, पण या आजारात कंबर दुखायचं कारण नाही. लक्षण असतं ते रक्तदाबाचं, आणि त्या रक्तदाबाच्या वागण्याचं. पुढच्या गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना "यामागे काही कारण आहे का?" असं जरूर विचारावं.

तिशीच्या आत रक्तदाब वाढला, आणि तोही वजन जास्त नसताना, घरात कोणाला नसताना.

पंचावन्नच्या पुढे अचानक, एकदम मोठ्या आकड्यानं सुरू झाला.

इतकी वर्षं एका गोळीवर नीट होता, तो एकाएकी आवरेनासा झाला.

तीन प्रकारच्या गोळ्या, त्यांत एक लघवी वाढवणारी, नियमानं घेऊनही उतरत नाही.

रात्री-अपरात्री अचानक छाती भरून धाप लागते, आणि हे पुन्हा पुन्हा होतं.

सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा दीड सेंटीमीटरहून लहान दिसतं. अहवालात ही ओळ असते, पण आपण 'खडा नाही' एवढंच वाचून कागद मिटतो!

रक्तदाबाची काही विशिष्ट गोळी सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन बरंच वाढतं.

ताकायासूच्या आजारात आणखी काही खुणा असतात. सुरुवातीला कणकण, थकवा, वजन उतरणं, सांधे दुखणं, म्हणजे चारचौघींना होतं तसंच. पुढे हात वर करून काम करताना तो भरून येतो. वेणी घालताना, जाळी-जळमटं काढताना, कपडे वाळत घालताना थांबावं लागतं. चक्कर येते, नजर धुरकट होते. एका मनगटाची नाडी बारीक लागते किंवा लागतच नाही, आणि दोन हातांच्या ब्लडप्रेशरमध्ये दहाहून जास्त अंकांचा फरक सारखा येत राहतो.

बाळंतपणात वाढलेल्या रक्तदाबाबद्दलही दोन शब्द. तो बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतो. तीन महिने होऊन गेले तरी उतरला नाही, तर "बाळंतपणाचंच आहे" म्हणून सोडून देऊ नये.

हे सगळं वाचून घाबरू मात्र नका. रक्तदाब असलेल्या शंभरातल्या बहुतेकांना असं काही नसतं, त्यांचा रक्तदाब नेहमीचाच असतो. पण वर सांगितल्यातली खूण ज्यांना आहे, त्यांनी विचारायलाच हवं.

तपासण्या आणि उपचार

पहिली तपासणी बिनपैशाची आहे. दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर, चारही नाड्या, आणि पोटावर नळी लावून ऐकणं. अरुंद जागेतून रक्त जोरानं जाताना 'सूं सूं' असा आवाज येतो, तो कधी कधी ऐकू येतो. मग लघवी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, त्यानंतर मूत्रपिंडांची कलर डॉप्लर सोनोग्राफी. यात रक्ताचा वेग दिसतो. गरज पडली तर सी. टी. किंवा एम. आर. अँजिओग्राफी. सी. टी. साठी टोचतात ते औषध अशक्त मूत्रपिंडांना बाधू शकतं, म्हणून आधी क्रिएटिनिन दाखवावं आणि दिवस राहिल्याची शंका असेल तर तसं सांगावं.

आमच्याकडे डॉप्लरमध्ये उजवं मूत्रपिंड ८.६ सेंटीमीटर निघालं आणि डावं १०.९. "उपाशी राहिलेलं लेकरू जसं खुरटतं ना, तसं ते खुरटलंय," असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी तिथंच पदर डोळ्यांना लावला.

उपचार कारणावर ठरतो. मण्यांच्या माळेसारख्या प्रकारात बारीक नळीतून फुगा नेऊन अरुंद जागा फुगवतात. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये आन्द्रेआस ग्रुंटझिग यांनी मूत्रपिंडाच्या वाहिनीवर हा उपाय प्रथम केला. या प्रकारात त्याचा गुण चांगला येतो, काहींच्या गोळ्या पार सुटतात.

चरबीच्या थरांचं मात्र तसं नाही. वाट अरुंद आहे ना, मग टाका स्टेंट, असं आपल्याला वाटतं. पण २०१४ साली अमेरिकेत साडेनऊशेच्या आसपास रोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या चांगल्या औषधोपचारापेक्षा औषध अधिक स्टेंटनं फार काही जास्त लाभ झाला नाही. म्हणून आता बहुतेकांना रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची औषधं आणि तंबाखू बंद हाच मुख्य उपचार देतात. स्टेंट काही निवडक रोग्यांनाच. अचानक धाप लागत असेल, रक्तदाब कशानंही आवरत नसेल किंवा मूत्रपिंड भराभर उतरत असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. कोणी घाईनं सुचवलं तर "माझ्या बाबतीत याचा फायदा काय?" असं विचारायला संकोच करू नये.

ताकायासूच्या आजारात आधी भिंतींची सूज शांत करावी लागते. त्यासाठी स्टेरॉइड आणि संरक्षणशक्ती आवरणारी औषधं देतात. सूज धगधगती असताना फुगा घातला तर वाट पुन्हा मिटण्याची भीती. माझ्या जावेला आठ महिने औषधं दिली, मग पुण्याला नेऊन फुगा केला. त्या औषधांनी तिचा चेहरा सुजला, लग्नातला फोटो आणि आरसा यांत फरक पडला. शेजारणी विचारत, "अगं, काही गोड बातमी का?" एखादीला जाड झालेली पाहून असं विचारू नये, हे मी त्या वर्षी शिकले.

गोळ्यांविषयी एक अवश्य सांगते. एनलाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या रक्तदाबावर फार चांगल्या आहेत, लाखो लोक त्या घेतात. पण दोन्ही मूत्रपिंडांच्या वाहिन्या अरुंद असतील, किंवा एकच मूत्रपिंड काम करत असेल, तर त्यांनी मूत्रपिंडाचं काम एकदम मंदावू शकतं. म्हणून त्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. ही तपासणी 'उगाच खर्च' म्हणून टाळू नका. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, मूल हवं असेल तर आधीच सांगून बदलून घ्याव्यात. मात्र हे वाचून आपल्या मनानं गोळी बंद करू नका. बंद केली तर दाब उसळतो!

खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून सरकारी योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधीच विचारावं.

आपल्या स्वयंपाकघरात

मूत्रपिंडाची वाहिनी काही पथ्यानं उघडत नाही. पण दाब आवरायला पथ्याची फार मदत होते. दिवसभरात माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल त्याहूनही कमी. आपल्या सोलापूरकरांना हे कठीणच! शेंगाची चटणी, ठेचा, लोणचं, पापड, सगळ्यांत मीठ. मी एक युक्ती केली. चटणी कुटताना मीठ निम्मं केलं, लसूण आणि जिरं वाढवलं. पहिले चार दिवस आमच्या ह्यांनी नाक मुरडलं, आता बाहेरची चटणी त्यांना खारट लागते. कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद केलं. ताटात वरून मीठ वाढणंही बंद केलं.

सैंधव मीठ चालतं असा समज आहे. तेही मीठच! आणि बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. ते मूत्रपिंडाच्या रोग्यांना आणि वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, कंबर दुखली घे, डोकं दुखलं घे, ही सवय मूत्रपिंडाला घातक. माझ्या जावेनं त्या पाच महिन्यांत अशा किती गोळ्या गिळल्या, त्याचा हिशेब नाही. आणि त्यातल्या अर्ध्या माझ्याच डब्यातल्या होत्या.

शेवटी तंबाखू. सोलापूर विड्यांचं गाव. इथल्या हजारो बायकांच्या हातांनी विड्या वळून संसार उभे राहिले, त्यांच्या कष्टाला कोण नावं ठेवील? पण घरातल्या पुरुषानं ओढलेली विडी त्याच्या मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या वाहिन्या दोन्ही बुजवते. आणि आपण बायका मशेरी लावतो त्याचं काय? ती दातांची नव्हे, तंबाखूचीच. लावली की दाब चढतो. ब्लडप्रेशर घेण्याआधी अर्धा तास मशेरी, विडी, चहा, काहीही नको.

ब्लडप्रेशर घेताना

पाच मिनिटं शांत बसावं, लघवीला जाऊन यावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. ब्लाउजची घट्ट बाही वर सारून त्यावर पट्टा बांधू नये, बाही मोकळी असावी. त्या वेळात गप्पा मारू नयेत. आणि पहिल्यांदा तपासताना दोन्ही हातांचं घ्यायला सांगावं. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच खरा धरायचा आणि पुढे त्याच हाताचं घ्यायचं. तारीख, हात, आकडा एका वहीत लिहून ठेवावा. मुलांच्या जुन्या वहीची उरलेली पानं याला पुरतात.

माझ्या जावेची अशी वही आता निम्मी भरली आहे. तीन गोळ्यांची एक झाली आहे. आजार निघून गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, 'शांत आहे' म्हणतात. दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. तिला मूल हवं आहे. "आणखी काही महिने आजार असाच शांत राहू दे, मग गोळी बदलू आणि पाहू," असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवात कोणीतरी तिला पाळण्याबद्दल विचारलंच. ती खाली पाहू लागली. तेवढ्यात सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "घाई काय आहे? आधी माझी सून धडधाकट राहू दे." आणि मग तपासायला आलेल्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, सगळ्यांचंच दोन्ही हातांचं बघ गं. एका हातावर विश्वास ठेवू नकोस!"

त्या दिवशी आमच्या मंडळातल्या चाळीस जणींनी डावा आणि उजवा, दोन्ही हात पुढे केले. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की तुम्हीही करा.